मेंदूतल्या गाठीत सोडलेला विषाणू

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत अ‍ॅलिस मूर उंदरांवर काम करत होत्या. या उंदरांच्या अंगात सार्कोमा-१८० नावाची गाठ वाढवलेली असे. एका उंदराच्या गाठीचा तुकडा दुसऱ्याला टोचला की ती तिथेही रुजत असे. मूर यांनी अशा उंदरांना रशियाच्या अतिपूर्व भागातल्या मेंदूज्वराचा विषाणू टोचला. १९४९ साली त्यांनी जे निष्कर्ष छापले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. विषाणूने गाठींचा फडशा पाडला आणि मग उंदीर मेंदूज्वराने मेले.

कर्करोगावर विषाणू सोडू पाहणाऱ्या लोकांना पुढची पन्नास वर्षे हा एकच पेच पुरला. गाठीत मोकाट सुटणाऱ्या विषाणूला मेंदूच्या वेशीबाहेर ठेवायचे कसे? त्याचे उत्तर अखेर मिळाले ते मेंदूच्याच डॉक्टरांना. त्यांच्या रुग्णांची गाठ मेंदूतच होती, त्यामुळे त्यांना वेशीबाहेर थांबण्याची सोयच नव्हती.

मूर यांच्या प्रयोगामागची कल्पना त्यांच्याही आधीची. १९०४ साली मिशिगनचे डॉक्टर जॉर्ज डॉक यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका ४२ वर्षांच्या बाईंची हकिकत प्रसिद्ध केली होती. त्यांना फ्ल्यूसारखा ताप आला आणि अतोनात वाढलेल्या पांढऱ्या पेशी भराभर उतरल्या. फ्ल्यूचा विषाणू माणसात सापडला १९३३ मध्ये, म्हणजे ही नोंद छापली तेव्हा त्या तापाचे खरे कारण कोणाला माहीतही नव्हते. १९१२ मध्ये निकोला दे पाचे या इटालियन डॉक्टरांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाईंची अशीच नोंद केली. त्यांना कुत्रा चावला, म्हणून रेबीजची लस टोचली गेली, आणि गाठ आक्रसली. एका-एका रुग्णाच्या अशा हकिकतींना पुरावा म्हणता येत नाही. पण ज्या डॉक्टरकडे समोरच्या माणसाला द्यायला दुसरे काहीच नाही, त्याच्या मनात असली हकिकत घर करून बसते.

मूर यांचे सहकारी चेस्टर साउदम हे असेच एक डॉक्टर. १९५२ मध्ये साउदम आणि मूर यांनी उंदरांवरून माणसांकडे मोर्चा वळवल्याचा अहवाल छापला. कर्करोग हाताबाहेर गेलेल्या ३४ रुग्णांना त्यांनी ‘इजिप्त १०१’ नावाचा विषाणू टोचला होता. हा वेस्ट नाइल विषाणूचा एक वाण. युगांडाच्या वेस्ट नाइल जिल्ह्यात १९३७ मध्ये तापाने फणफणलेल्या एका बाईंच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. माणसांत तो सहसा सौम्य तापावर निभावतो असा तेव्हाचा अनुभव होता, आणि निवड त्याच भरवशावर झाली. विषाणू बहुतेकांच्या अंगात रुजला. बऱ्याच जणांच्या गाठीत तो आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त प्रमाणात सापडला, म्हणजे त्याला गाठीची ओढ होती हे नक्की. काही मोजक्यांच्या गाठी थोड्या काळापुरत्या लहानही झाल्या. मग शरीराच्या प्रतिकारशक्तीने विषाणू हुसकून लावला आणि गाठी पुन्हा वाढू लागल्या. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली होती त्यांच्यातल्या काहींना मेंदूज्वराने गाठले.

न्यूयॉर्कमधली ही चाचणी एकटीच नव्हती. १९४९ मध्ये हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना काविळीचा विषाणू असलेला रक्तद्रव आणि ऊतींचा अर्क देण्यात आला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या ३० बायकांवर अ‍ॅडेनो विषाणूचा प्रयोग केला. अ‍ॅडेनो विषाणूचा शोध लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. गाठीचा मधला भाग सडून गळाला, पण रोग हटला नाही. हाताशी जो नवा विषाणू येईल तो रुग्णाला टोचून पाहायचा, असे ते दशक होते.

या लोकांना निव्वळ क्रूर ठरवून मोकळे व्हावेसे मला वाटत नाही. केमोथेरपी तेव्हा नुकती रांगू लागली होती आणि त्यांच्यासमोरची माणसे मरणाच्या दारात होती. तरीही साउदम यांच्या बाबतीत जे पुढे घडले ते झाकून ठेवता येणार नाही. त्यांनी ओहायोच्या तुरुंगातल्या कैद्यांना जिवंत कर्कपेशी टोचल्या. १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमधल्या २२ वृद्ध, जर्जर रुग्णांनाही टोचल्या, आणि टोचतोय ते काय आहे हे त्या रुग्णांना सांगितले नाही. तिथल्या तीन तरुण डॉक्टरांनी या कामाला हात लावायला नकार दिला आणि राजीनामे दिले. प्रकरण राज्याच्या वैद्यकीय शिस्तमंडळापर्यंत गेले. साउदम यांच्यावर एक वर्षाची देखरेख बसली, आणि त्यानंतर लवकरच ते अमेरिकेच्या कर्करोग संशोधकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या तीन तरुण डॉक्टरांची आठवण या इतिहासात साउदम यांच्याइतकीच ठळकपणे राहायला हवी.

साठ आणि सत्तरच्या दशकांत ही वाट ओस पडत गेली. जपानमध्ये गालगुंडाच्या विषाणूवर काम झाले. १९७४ मध्ये ९० रुग्णांचे निकाल आले आणि ते बरे होते, पण त्यांच्यामागे फारसे कोणी गेले नाही. लॅटव्हियात आयना मुत्सेनीत्से यांनी आतड्यातल्या एका विषाणूवर चिकाटीने काम चालू ठेवले. निसर्ग मात्र अधूनमधून आठवण करून देत राहिला. १९७१ मध्ये कंपालाच्या युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून एक छोटी नोंद आली. आठ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याच्या खोबणीत बर्किट्स लिम्फोमाची गाठ होती. उपचार सुरू व्हायच्या आतच त्याला गोवर आला, आणि गोवराबरोबर गाठही उतरली. गोवराच्या विषाणूचा हा गुण पुढे अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने नेटाने तपासला. त्यासाठी त्यांनी लसीतला, सौम्य केलेला एडमन्स्टन घराण्याचा विषाणू घेतला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस ज्या एडमन्स्टन-झाग्रेब वाणाची आहे, तो याच घराण्यातला. २०१४ मध्ये मेयोने मज्जेचा कर्करोग झालेल्या एका बाईंची हकिकत छापली. त्यांना एकाच वेळी जेवढा विषाणू दिला गेला, तेवढ्यात कोटभर लोकांना लस टोचून झाली असती. कपाळावर उठलेली गाठ आणि हाडांतला रोग दोन्ही मागे हटले. त्याच अहवालातल्या दुसऱ्या रुग्णाला मात्र तसा लाभ झाला नाही.

मूर यांच्या उंदरांच्या कोड्याचे उत्तर सापडत गेले ते बॉस्टनमध्ये.

रॉबर्ट मार्टुझा हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मेंदूचे शल्यचिकित्सक. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली सर्वांत वाईट गाठ त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. तिला स्पष्ट कड नसते. शस्त्रक्रियेत दिसते तेवढी काढली तरी आसपासच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या पेशी मागे राहतात आणि काही महिन्यांत गाठ पुन्हा उभी राहते. आजही शस्त्रक्रिया, किरणे आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या असे सगळे करून निम्मे रुग्ण साधारण १५ महिन्यांच्या पुढे जात नाहीत. मार्टुझा यांना असे काही हवे होते, जे सर्जनच्या हातून सुटलेल्या पेशी स्वतःच शोधेल आणि वाटेतल्या चेतापेशींना धक्का लावणार नाही.

त्यांनी ज्यावर बोट ठेवले ते नाव ऐकून कोणीही दचकले असते. हर्पिस सिम्प्लेक्स हा तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड उठवणारा विषाणू. तो जगभर असंख्य लोकांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत जन्मभर दबा धरून असतो. क्वचित कधी तो मेंदूत घुसतो, आणि मग जो मेंदूज्वर येतो त्यात औषधाविना दहातले सात रुग्ण दगावतात. पण या विषाणूच्या काही गोष्टी मार्टुझा यांच्या उपयोगाच्या होत्या. मेंदूच्या पेशींत तो सहज शिरतो. त्याच्याकडे ८०च्या आसपास जनुके आहेत आणि त्यांतली बरीच काढून टाकली तरी तो तग धरतो. आणि त्याच्यावर असायक्लोव्हिर हे नामी औषध आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते औषध आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले होते.

हार्वर्डमध्ये डोनाल्ड कोएन हे असायक्लोव्हिरला दाद न देणारे हर्पिस विषाणू अभ्यासत होते. त्यांच्याकडे थायमिडिन कायनेज हे जनुक तोडलेला एक विषाणू होता. डीएनएचा कच्चा माल जमवायला विषाणूला हे जनुक लागते. ते नसले तर तो माल शिरलेल्या पेशीकडून मिळवावा लागतो. विभाजनाच्या तयारीतल्या पेशीत तो माल भरपूर असतो. प्रौढ मेंदूतली चेतापेशी मात्र विभागतच नाही, तिच्याकडे विषाणूच्या हाती काही लागत नाही. म्हणजे हा विषाणू गाठीत वाढेल आणि चेतापेशीत उपाशी राहील. मे १९९१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मार्टुझा, कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. माणसाच्या मेंदूतली गाठ ज्यांच्यात वाढवली होती असे उंदीर या विषाणूने जास्त जगले. जनुकीय बदल केलेल्या विषाणूने कर्करोगावर उपचार करण्याचा आधुनिक अध्याय इथून मोजतात, आणि ते योग्यच आहे. १९५२ मध्ये विषाणू निवडला होता तो त्याच्या स्वभावाच्या भरवशावर. १९९१ मध्ये त्याचा स्वभावच बदलून हातात घेतला गेला.

तरी काम फत्ते झाले नव्हते. मात्रा वाढवली की उंदरांना मेंदूज्वर होई. त्याहून मोठी अडचण अशी की असायक्लोव्हिर काम करते तेच मुळी थायमिडिन कायनेजच्या जोरावर. ते जनुकच काढून टाकले तर औषधही निकामी होते. उद्या एखाद्या रुग्णाच्या मेंदूत हा विषाणू बेफाम झाला, तर त्याला आवरायला हाती काही उरणार नव्हते. हा दोष संशोधकांनी स्वतःहून मान्य केला आणि तो विषाणू बाजूला ठेवून पुन्हा शोध सुरू केला. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच टप्पा. ‘सायन्स’मध्ये लेख झळकल्यावर पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही समोर असतात. तेव्हा मागे फिरणे सोपे नसते.

पुढचा दुवा शिकागोहून मिळाला. हर्पिसच्या अभ्यासातले ज्येष्ठ बर्नार्ड रोइझमन आणि त्यांच्या सहकारी जोनी चाऊ यांनी १९९० मध्ये दाखवून दिले होते, की या विषाणूची मेंदू नासवण्याची ताकद ‘गॅमा ३४.५’ नावाच्या एका जनुकात आहे. विषाणू शिरल्याची चाहूल लागताच निरोगी पेशी स्वतःची प्रथिने बनवणे थांबवते. स्वतः मरते, पण विषाणूलाही वाढू देत नाही. हे जनुक पेशीचा तो बंद मोडून काढते. ते काढले की निरोगी पेशीपुढे विषाणूचे काही चालत नाही. कर्कपेशींत हा बंद पाळण्याची यंत्रणा बहुधा आधीच बिघडलेली असते, म्हणून तिथे लंगडा विषाणूही वाढतो. ग्लासगोमध्ये मॉइरा ब्राउन यांचा गट स्वतंत्रपणे याच जनुकापाशी पोचला होता.

मार्टुझा, सॅम्युएल रॅबकिन आणि तोशिहिरो मिनेता यांनी आता दोन ठिकाणी कात्री चालवली. गॅमा ३४.५च्या दोन्ही प्रती काढल्या. शिवाय आयसीपी-६ हे जनुक मोडून त्याच्या जागी जीवाणूचे लॅक-झेड जनुक बसवले. आयसीपी-६ नसले की विषाणूला पुन्हा विभागणाऱ्या पेशीच्याच आधाराने जगावे लागते. लॅक-झेडचा फायदा वेगळाच. ऊतीच्या पातळ कापावर ठरावीक रसायन टाकले की ज्या पेशींत विषाणू आहे त्या गडद निळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ निळी आणि शेजारचा मेंदू बिनरंगाचा दिसला की विषाणू कुठे थांबला ते डोळ्यांना कळते. दोन वेगळ्या जागी बदल केल्यामुळे एखादा अपघाताने दुरुस्त झाला तरी दुसरा पहाऱ्यावर राहतो. आणि थायमिडिन कायनेज जागेवर असल्यामुळे असायक्लोव्हिरही चालते. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या या विषाणूचे नाव जी-२०७.

माणसाच्या आधी परीक्षा झाली ती आओटस या छोट्या निशाचर माकडांवर, कारण हर्पिसपुढे ती फार नाजूक. मूळ विषाणूचे हजार कण मेंदूत टोचले की माकड दगावते. जी-२०७चे अब्जभर कण टोचूनही माकडे धडधाकट राहिली. १९९८ मध्ये अमेरिकेत पहिले रुग्ण घेतले गेले. ग्लासगोच्या गटाने तेच जनुक काढून बनवलेल्या विषाणूच्या चाचण्याही त्याच सुमारास सुरू झाल्या, फक्त त्यांनी मात्रा फारच जपून ठेवली. २००० मध्ये जी-२०७च्या २१ रुग्णांचा अहवाल जेम्स मार्कर्ट यांनी छापला. १९९१च्या लेखात मार्टुझा यांच्या बरोबरीने त्यांचेही नाव होते. मात्रा वाढवत वाढवत तीन अब्ज कणांपर्यंत नेली, तरी एकाही रुग्णाला हर्पिसचा मेंदूज्वर झाला नाही. बहुतेक रुग्ण गाठीनेच गेले. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीला विचारायचा प्रश्न इतकाच असतो की औषधाने माणूस दगावतो का. अ‍ॅलिस मूर यांच्या उंदरांना पन्नास वर्षे होऊन गेल्यावर त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. आदल्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जनुकोपचाराच्या एका चाचणीत अ‍ॅडेनो विषाणूमुळे १८ वर्षांचा तरुण दगावला होता आणि विषाणू हा शब्दच नियामकांना नकोसा झाला होता. त्या वातावरणात हे उत्तर फार मोठे होते.

मार्टुझा यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा तोमोकी तोदो हे जपानी मेंदूशल्यचिकित्सक काम करत होते. १९९९ मध्ये या प्रयोगशाळेला एक वेगळीच गोष्ट दिसली. उंदराच्या अंगावर दोन गाठी असताना एकीतच विषाणू टोचला, तरी दुसरीही आक्रसली. विषाणू तिथे पोचलाच नव्हता. गाठीतल्या पेशी फुटल्या, त्यांचे आतले प्रथिन उघड्यावर आले, आणि आजवर गाठीकडे काणाडोळा करणाऱ्या प्रतिकारशक्तीला ती ओळखू आली. साउदम यांच्या काळात प्रतिकारशक्ती विषाणूला हुसकून लावणारी शत्रू होती. आता खरे काम तिनेच करायचे होते, विषाणूने फक्त तिला जागे करायचे.

तोदो यांनी मग जी-२०७मधले तिसरे जनुक काढले, आयसीपी-४७. पेशीत विषाणू शिरला की तिने त्याचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवायचे असतात. हे जनुक ते मांडणेच रोखून धरते. ते काढले तर बाधित पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरते. योगायोग असा की त्याच तुकड्याबरोबर शेजारच्या जनुकाची वेळही बदलली आणि विषाणू कर्कपेशींत आधीपेक्षा जोमाने वाढू लागला. एका दगडात दोन पक्षी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विषाणूचे नाव जी-४७-डेल्टा. तोदो तो घेऊन टोकियोला परतले.

याच तत्त्वावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून निघालेल्या बायोव्हेक्स या कंपनीने रॉबर्ट कॉफिन यांच्या नेतृत्वाखाली आपला विषाणू घडवला. एका माणसाच्या ओठावरच्या फोडातून घेतलेला हर्पिस, त्यातून गॅमा ३४.५ आणि आयसीपी-४७ वजा, आणि प्रतिकारशक्तीला हाक देणारे जीएम-सीएसएफ हे माणसाचे जनुक अधिक. त्वचेच्या मेलानोमा कर्करोगाच्या ४३६ रुग्णांवरच्या चाचणीत १६ टक्क्यांच्या वर रुग्णांच्या गाठी मागे हटल्या आणि किमान सहा महिने हटलेल्या राहिल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण दोन टक्के होते. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चीनने अ‍ॅडेनो विषाणूचे औषध दहा वर्षे आधीच मान्य केले होते, पण अमेरिकेत हे पहिलेच. मेलानोमाच्या गाठी त्वचेवर दिसतात, बोटाला लागतात, सुई थेट आत जाते. मेंदूत हे सुख नाही.

टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयात ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांवर तोदो यांची जी-४७-डेल्टाची चाचणी सावकाश चालली. एमआरआयवरून जागा अचूक ठरवायची, कवटीला छोटे भोक पाडायचे, सुई गाठीत उतरवायची आणि विषाणू सोडायचा. असे जास्तीत जास्त सहा वेळा. प्रत्येक वेळी चित्रात गाठ आधी मोठी दिसे. साध्या नियमाने पाहिले तर याचा अर्थ रोग वाढतोय आणि उपचार बंद करायला हवा. पण गाठीचा तुकडा काढून तपासला तर त्यात लढाऊ लिम्फोसाइट पेशींची गर्दी, आणि ती दर सुईगणिक वाढत गेलेली. एका रुग्णात गाठ निम्म्याहून लहान झाली, उरलेल्यांत ती थबकली. १९ रुग्णांपैकी १६, म्हणजे ८४ टक्के, वर्षानंतर हयात होते. गाठ उलटलेल्या रुग्णांत एरवी इतके जण वर्ष काढत नाहीत. बहुतेकांना ताप आला, काहींना उलट्या झाल्या.

अमेरिकेत अलाबामातल्या एका गटाने जुन्या जी-२०७चे बोट सोडले नव्हते. मेंदूतली गाठ उलटलेल्या १२ मुलांना त्यांनी तो दिला. २०२१ मध्ये आलेल्या अहवालानुसार ही मुले सरासरी वर्षभर जगली. एरवी अशी मुले साडेपाच-सहा महिन्यांत जातात. गाठीत जिथे लढाऊ पेशी जवळपास नव्हत्याच, तिथे त्या मोठ्या संख्येने आलेल्या दिसल्या.

जून २०२१ मध्ये जपान सरकारने जी-४७-डेल्टाला ‘डेलिटॅक्ट’ या नावाने मान्यता दिली. मेंदूतल्या गाठीवर विषाणूचे औषध जगात पहिल्यांदाच मंजूर झाले. पण १९ रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तुलना झाली ती जुन्या रुग्णांच्या नोंदींशी. चांगल्या अवस्थेतले रुग्ण निवडले गेले असतील तर आकडे आपोआप उजळ दिसतात, हा आक्षेप वाजवी आहे आणि तो घेणाऱ्यांत विषाणूवर स्वतः काम करणारे लोकही आहेत. म्हणून ही मान्यता सशर्त आहे आणि तिला सात वर्षांची मुदत आहे. औषध मिळालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि २०२८च्या आत ते खरोखर आयुष्य वाढवते हे सिद्ध करायचे, नाहीतर ते बाजारातून मागे घ्यायचे.